रेघेच्या कडेचे ठिपके

चामराजपेट
गुरुवार, ११ सप्टेंबर

मकरंद,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर मी ब्लॉक आहे. तुझ्या सोसायटीच्या गेटवरच्या माणसाने ॲपमध्ये बघून मला दोनदा परत पाठवलं. सर्जापूर रोडच्या धुळीत उभी राहून मी त्याला सांगत होते की मी सख्खी बहीण आहे, तर तो म्हणाला, सगळेच असं सांगतात. म्हणून आता कागद. रविकिरणच्या दुकानाचा टेम्पो तुमच्या बाजूला माल टाकायला जातो, त्यातून हे पाकीट येईल. न वाचता फाडलंस तर उद्या दुसरं येईल. नवऱ्याचं दुकान वह्या-पाकिटांचंच आहे, मला तोटा नाही.

आई महिनाभर तापत होती आणि मला ते काल कळलं, तेही तुझ्या बायकोमुळे. "अक्का, अत्तेंना ॲडमिट केलंय, मी सांगितलं म्हणून सांगू नका," असं शिल्पाश्री दबक्या आवाजात म्हणाली. मी सांगितलं बघ. तिच्यावर डाफरण्याआधी एवढा विचार कर की सासू आजारी आहे हे नणंदेला कळवायला तुझ्या बायकोला चोरून फोन करावा लागतो.

आज हॉस्पिटलात जाऊन आले. मुद्दाम तू ऑफिसात असताना गेले. आईच्या गालांची हाडं वर आली आहेत. बोटं सुजल्यामुळे तिला पेला धरता येत नाही, आणि तरी ती मला विचारत होती की मी जेवले का. डॉ. भाग्यलक्ष्मींशी बोलले. त्यांचं म्हणणं असं: रक्त तपासलं, त्यात जंतू वाढले नाहीत, म्हणजे हा संसर्ग दिसत नाही, शरीर आपलं आपल्यावरच उलटलेलं असावं, म्हणून सोमवारपासून स्टेरॉइड सुरू करायचं. तू मान हलवलीस म्हणे. मकरंद, आईच्या हृदयाची एक झडप लहानपणीच्या आजारापासून अधू आहे हे तुला माहीत आहे. जंतू जर त्या झडपेवर बसलेले असतील आणि वरून स्टेरॉइड दिलं, तर शरीराची उरलीसुरली लढण्याची ताकद आपणच काढून घेऊ. ती यातून वाचणार नाही. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही, मी स्वतः घाबरले आहे.

आता तू म्हणशील, इडलीचं पीठ तपासणारी बाई डॉक्टरांना शिकवायला निघाली. म्हण. माझी लॅब पाणी, मसाले आणि हॉटेलांची चटणी तपासते, त्यात मला कमीपणा वाटत नाही. जंतू वाढवणं हे माझं रोजचं काम आहे. तुझ्या सत्यनारायणाला मी स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी बाटलीत भरून नेलं, त्यात मैल्याचे जंतू निघाले आणि मी तो रिपोर्ट क्लबहाउसच्या बोर्डावर लावला. तू तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतास, तुझी नाचक्की झाली, मान्य. पण भर मीटिंगमध्ये तू काय म्हणालास? "माझ्या बहिणीची बाटलीच घाण असणार." दोन वर्षं झाली, माझ्या डोक्यातून ते जात नाही. तुमच्याकडची टाकी नंतर गुपचूप साफ झाली, हेही मला कळलं आहे.

एक विचारते, खरं सांग. रक्त काढण्याआधी आईला कुठल्या गोळ्या दिल्यास? तुझ्याकडे अँटिबायोटिकची अर्धवट पानं नेहमी पडलेली असतात. आधी गोळी आणि मग रक्त, असं केलं की अर्धमेला जंतू प्लेटवर उगवत नाही. हा शहाणपणा तुझाच असणार.

हेमलता

*

चामराजपेट
शनिवार, १३ सप्टेंबर

मकरंद,

उत्तर नाही. ठीक आहे, मी कामाचं लिहिते.

काल त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये गेले. तिथली प्रमुख श्वेता एकेकाळी माझ्या हाताखाली शिकलेली आहे, म्हणून तिने मला बसू दिलं. आईचं रक्त ज्या बाटल्यांत घातलं होतं, त्यांतली एक बाटली तिसऱ्या दिवशी मशीनमध्ये वाजली होती. वाजली म्हणजे आत काहीतरी वाढतंय. त्यांनी थेंब काढून काचेवर रंगवला, तर वेडेवाकडे जांभळे दाणे दिसले. मग तो थेंब नेहमीच्या प्लेटवर, म्हणजे जंतूंचं खाणं थिजवून ओतलेल्या बशीवर पसरला, नेहमीच्या तपमानाला ठेवला, दोन दिवस वाट बघितली. प्लेट कोरी. मग काय ठरवलं असेल? मशीनच चुकून वाजलं, आणि ते दाणे म्हणजे रंगाचा गाळ. रिपोर्टवर लिहिलं, वाढ नाही. तू तो कागद घेतलास आणि पाच मिनिटांत डॉक्टरांना पुढे जा म्हणालास.

प्लेट कोरी राहिली याचा अर्थ एवढाच होतो की त्या प्लेटवर, त्या हवेत, त्या दोन दिवसांत काही उगवलं नाही. जैन पाहुण्यापुढे कांद्याची भजी ठेवायची, त्याने हात लावला नाही की पाहुणा आलाच नव्हता असं लिहून द्यायचं, तसं झालं हे. प्रत्येक जंतूचं खाणं वेगळं, हवा वेगळी. दातांच्या आजूबाजूला राहणारी एक जात आहे, तिला बी-सिक्स व्हिटॅमिन स्वतः बनवता येत नाही. बाटलीत आईचं ताजं रक्त होतं, त्यातून तिला ते मिळालं, म्हणून ती तिथे वाढली. नेहमीच्या प्लेटवर ते पुरेसं नसतं, म्हणून उपाशी राहिली. आई जुलैत दात काढायला गेली होती, हे मला तिनेच काल सांगितलं. तू मला हेही कळवलं नव्हतंस.

यावर उपाय जुना आणि सोपा आहे. प्लेटवर आधी आईच्या बाटलीतला थेंब पसरायचा आणि त्यावरून स्टॅफ नावाच्या धट्ट्याकट्ट्या जंतूची एक रेघ ओढायची. स्टॅफ वाढता वाढता ते व्हिटॅमिन आजूबाजूला झिरपू देतो. आपला पाहुणा खराच असेल तर तो रेघेला चिकटून उगवतो, लांब गेलं की नाही. श्वेताला हे माहीत होतं. शिकवलं मीच होतं. पण तिच्या वरच्यांनी रिपोर्ट बंद केला आहे आणि तिला पुन्हा उघडायची छाती होत नाही. तिने एवढंच केलं की ती बाटली फेकली नाही.

डॉ. भाग्यलक्ष्मी तयार आहेत. मी त्यांना प्लेट दाखवली तर त्या हॉस्पिटलच्या लॅबकडून तेच करून घेतील, आणि स्टेरॉइड बुधवारपर्यंत थांबवतील. त्यापुढे नाही, कारण आईची किडनी बिघडायला लागली आहे. पण बाटली बाहेरच्या लॅबला द्यायला पेशंटच्या माणसाची सही लागते आणि भरतीच्या कागदावर माणूस म्हणून तुझं नाव आहे. मुलगी म्हणून मी सही केली तर काउंटरवरच्या बाईने ती खोडली.

अर्ज सोबत आहे. खुणेच्या जागी सही कर. माझ्यावर विश्वास ठेव असं मी म्हणत नाही, तो तुझ्याकडे कधीच नव्हता. नुसती सही कर.

हेमलता

*

चामराजपेट
रविवार, १४ सप्टेंबर

मकरंद,

अर्ज मिळाला. मागच्या बाजूला तू लिहिलेलंही वाचलं. "साइन केलंय. प्लेटवर काही आलं नाही तर तू आईच्या जवळपास फिरकायचं नाही. हॉस्पिटलमध्ये नाही, घरी नाही. डील?"

डील.

आजारी आईला पैजेवर लावणारा मुलगा माझ्याच घरात निघावा, याचं मला नवल वाटलं नाही. बाबा असते तर त्यांना वाटलं असतं. आयुष्यभर ते विमानाच्या कारखान्यात एकेक रिव्हेट तपासत राहिले आणि घरी येऊन तुझी प्रत्येक थाप खरी मानत राहिले. रविकिरण म्हणाला, "स्वल्प निधान, हेमा, भाऊ आहे तो तुझा." हळू घे म्हणे. या चामराजपेटच्या लोकांचं सगळंच निधान असतं.

पाकिटात बी-सिक्सच्या गोळ्यांचं पान होतं आणि त्यावर चिठ्ठी, 'हे घे तुझं व्हिटॅमिन, आता उगव.' विनोद कळला. निदान माझं पत्र तू शेवटपर्यंत वाचलंस आणि औषधाच्या दुकानात जाऊन उभा राहिलास, हेही कळलं. पण दुकानातल्या गोळीतलं बी-सिक्स वेगळ्या रूपातलं असतं. माणसाचं शरीर ते बदलून वापरतं, या जंतूला ते जमत नाही. ते पान मी जपून ठेवणार नाही, परत पाठवते आहे.

आज सुट्टी असूनही मी आणि माझा टेक्निशियन मोहनकुमार लॅबमध्ये होतो. जंतू उबवायचा मोठा इन्क्युबेटर पाण्याच्या तपासणीसाठी चव्वेचाळीस अंशांवर असतो, तिथे आईचा जंतू शिजून मरेल. छोट्यातली मिरचीपूड आणि धनेपुडीची सँपलं काढून तो पस्तीसवर आणला. तीन प्लेटा केल्या. एक रक्ताची, नुसत्या थेंबाची, हॉस्पिटलने केली तशीच. तिच्यावर काही येऊ नये अशी माझी अपेक्षा आहे. दुसरी रक्ताचीच, पण स्टॅफची रेघ ओढलेली. तिसरी चॉकलेटची. हसू नकोस, रक्त तापवून घातलं की आगर, म्हणजे प्लेटमधलं ते थिजलेलं खाणं, तपकिरी होतं म्हणून तसं नाव. पेशी फुटून आतलं सगळं बाहेर येतं आणि नखरेल जंतूंना ते मानवतं. तिन्ही प्लेटा काचेच्या रुंद बरणीत ठेवल्या, आत मेणबत्ती पेटवली आणि झाकण घट्ट लावलं. मेणबत्ती आपोआप विझते तोवर आतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड जरा वाढलेला असतो. या जातीला तशी हवा लागते. बरणी मंगळवारी उघडायची, मध्ये नाही.

बाटली आठवडाभर नुसती टेबलावर पडून होती. हे मी तुला सांगणार नव्हते. आतलं सगळं मेलेलं असेल तर माझी कुठलीच प्लेट त्याला उठवू शकणार नाही, आणि मग मी बरोबर असूनही तू जिंकशील. मोहनकुमारने बरणी आत ठेवताना देवाचं नाव घेतलं. मी एरवी त्याला टोकते, आज टोकलं नाही.

सोमवारी सकाळी मी आईजवळ असेन. तू येऊ नकोस.

हेमलता

*

चामराजपेट
मंगळवार, १६ सप्टेंबर

मकरंद,

तू माझ्या लॅबमध्ये शिरलास.

मी सकाळी हॉस्पिटलात डॉक्टरांची राउंड गाठायला गेले होते. तेवढ्यात तू इकडे आलास, मोहनकुमारला सांगितलंस की अक्कांनीच बोलावलं आहे, आणि त्या भल्या माणसाने पेशंटचा मुलगा म्हणून तुला आत घेतलं. तू इन्क्युबेटर उघडलास. बरणी बाहेर काढलीस. झाकण उघडलंस. मोहनकुमार नको नको म्हणत असताना प्लेट हातात घेऊन फोटो काढलास आणि डॉ. भाग्यलक्ष्मींना पाठवलास. खाली लिहिलंस, "सिस्टरने स्वतः ओढलेली लाइन सोडून काही नाही. प्लीज डोन्ट डिले ट्रीटमेंट."

मी तेव्हा डॉक्टरांसमोरच उभी होते. त्यांनी फोन माझ्याकडे वळवला. एक कबूल करते. काल संध्याकाळी मी बरणीच्या काचेतून डोकावले होते, आणि मला काहीही दिसलं नव्हतं. तुला कळवलं नाही. रात्रभर मी हेच घोकत होते की आता आईला भेटता येणार नाही, आणि तीही फार दिवस राहणार नाही. म्हणून तुझा फोटो पाहिल्यावर पहिल्यांदा मला राग आलाच नाही. मला वाटलं, संपलं.

मग मी तो फोटो मोठा केला.

तुझा फोन महागाचा आहे, त्याबद्दल तुझ्या कंपनीचे आभार. मधली जाड पिवळसर रेघ म्हणजे मी ओढलेली, बरोबर. आता रेघेच्या दोन्ही कडांना बघ. रव्याच्या दाण्याहून बारीक ठिपके आहेत, रेघेला लागून दाट, आणि बोटभर लांब गेलं की एकही नाही. खिडकीकडे प्लेट तिरकी धरलीस म्हणून त्यांच्यावर उजेड पडला. मी धरली असती तर तशीच धरली असती. तू रेघ बघितलीस आणि फोटो पाठवून मोकळा झालास. डॉक्टरांनी चष्मा काढून दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, "हेमलता, प्लेट घेऊन या. आत्ता."

ऑटोवाल्याला मी दुप्पट भाडं कबूल केलं. लॅबमध्ये भिंगाखाली तिन्ही प्लेटा पाहिल्या. नुसत्या रक्ताची कोरी होती. रेघेच्या दोन्ही कडा भरलेल्या होत्या. चॉकलेटवर सगळीकडे ठिपके होते. मी खाली फरशीवर बसले आणि रडले. मोहनकुमार चहा घेऊन आला आणि तोंड फिरवून उभा राहिला. त्याला वाटत होतं मी त्याला कामावरून काढणार. काढणार नाही, पण तुझं तोंड त्याला पुन्हा दाखवू नकोस.

दुपारी श्वेताने तिच्या लॅबमध्ये तेच करायला घेतलं. डॉक्टरांनी तिची वाट बघितली नाही. स्टेरॉइडचा कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला. पेनिसिलिन आणि त्याच्या जोडीचं दुसरं इंजेक्शन संध्याकाळी सुरू झालं. दीड महिना शिरेतून द्यावं लागेल. झडप किती खराब झाली आहे ते पुढच्या आठवड्यात कळेल.

तू आईचा जीव घ्यायला निघाला होतास, असं मला लिहायचं होतं. ते खोटं आहे. तुलाही उपचार लवकर व्हायला हवे होते. पण मला खोटं पाडण्याची घाई तुला त्याहून जास्त होती, आणि हे मी विसरणार नाही.

हेमलता

*

चामराजपेट
रविवार, ५ ऑक्टोबर

मकरंद,

दसरा झाला. सोनं द्यायला तू आला नाहीस, मी वाटही बघितली नव्हती.

आईचा ताप उतरला. बोटं वळतात. काल तिने स्वतःच्या हाताने चित्रान्न खाल्लं आणि लिंबू कमी आहे म्हणाली. झडप गळते, पण सध्या ऑपरेशन नको असं हृदयाच्या डॉक्टरांचं मत पडलं. दुसऱ्या इंजेक्शनाने कानाला त्रास होऊ शकतो म्हणून दर आठवड्याला कान तपासतात. तुला हे माहीतच आहे, कारण तू रोज संध्याकाळी सातनंतर येतोस असं नर्स सांगते. मी सहाला निघते. तूही कॅन्टीनमध्ये बसून सात वाजायची वाट बघतोस, हे मी एकदा खांबाआडून पाहिलं. ऑफिसची बॅग मांडीवर घेऊन बसला होतास आणि समोरची कॉफी तशीच होती. मी पुढे आले नाही.

आता एक गोष्ट लिहायलाच हवी म्हणून लिहिते. गोळ्या तू दिल्या नव्हत्यास. जुलैत दातांच्या डॉक्टरने आईला पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं होतं. दुखणं थांबल्यावर तिने दोन दिवसांतच ते बंद केलं आणि उरलेल्या गोळ्या पोळपाटामागच्या डब्यात ठेवल्या. मग ताप आला की एक गोळी, उतरला की बंद, पुन्हा आला की पुन्हा एक. "चांगल्या गोळ्या, फुकट कशाला घालवायच्या?" असं मलाच विचारत होती. मी विचारलं, मकरंदला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, त्याने तुला सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस, आणि तू ओरडलीस की तो दार लावून घेतो. तू मला ब्लॉक केलंस हे तिला माहीतच नव्हतं. तिला वाटत होतं आपण दोघं अजून फोनवर भांडतो.

पहिल्या पत्रात मी तुझ्यावर घेतलेला तो आळ मी परत घेते. बाकीच्यांतलं काही परत घेत नाही.

आणि पैजेचं काय? मी हरले असते तर आईला भेटायचं नाही, हे तू ठरवलं होतंस. तू हरलास तर काय, हे ठरवायचं तुझ्या डोक्यातही आलं नाही. ते मी ठरवते. सुटल्यावर आई माझ्याकडे येईल. वरची खोली रंगवून घेतली आहे. इथे टँकरचं पाणी नाही, तरी मी गाळून उकळून देईन. रोज ताप बघेन, वजन करीन, आठवड्याला रक्त तपासेन, दातांसाठी माझ्या ओळखीची डॉक्टर आहे. सुनंदाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दुपारी सोबतीला असतात. तुमच्या चौदाव्या मजल्यावर ती दिवसभर एकटी. याला तुझ्याकडे उत्तर नसणार.

हेमलता

*

चामराजपेट
शनिवार, १ नोव्हेंबर

मकरंद,

आई आज हॉस्पिटलातून तुझ्याकडे येते आहे. तू हे वाचशील तेव्हा कदाचित ती पोचलेलीही असेल.

काल सुटीचे कागद घेऊन मी तिच्यासमोर बसले आणि खोलीबद्दल सांगत होते. कुठला पलंग, कुठली खिडकी, किती वाजता कुठलं औषध, कुठल्या वारी रक्त. तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "हेमे, तू होतीस म्हणून मी उठले. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण मी मकरंदकडे जाते. तिथे मला कुणी तपासत नाही गं."

मी म्हटलं, म्हणूनच तर ही वेळ आली. ती म्हणाली, "खरंय तुझं. तुझं सगळं खरंच असतं." आणि डबा आवरायला लागली.

सुटीचे कागद मी तिच्या पिशवीत ठेवले. मला फार लागलं. रविकिरण गाडी घेऊन खाली आला होता, त्याला मी सांगितलं की आपण रिकामेच परत जायचं आहे. तो एवढंच म्हणाला, "सरी." बरं म्हणे. येताना रस्त्यात कन्नड राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे लावणं चाललं होतं, त्यामुळे गाडी मुंगीच्या पावलांनी चालली, आणि सगळा वेळ मी आईच्या वाक्याला उत्तर शोधत होते. सकाळी वरच्या खोलीत जाऊन पलंगावरची चादर काढून घडी करून ठेवली.

मी तिला काय द्यायला हवं होतं, ते मला माहीत नव्हतं असं नाही. तुमच्याकडे ती लिफ्टसमोरच्या बाकावर बायकांबरोबर कन्नडमध्ये हसत बसते, शिल्पाश्री तिला अत्ते म्हणते, तू तिच्याजवळ बसून मोबाइलवर मॅच बघतोस आणि तिला काहीच विचारत नाहीस. हे सगळं मला ती सांगत होती, महिनाभर, रोज दुपारी. मी तेव्हा तिचा ताप लिहून ठेवत होते.

तू जिंकलास असं समजू नकोस. तुझी अजूनही मला चीड येते. तू माझी बरणी उघडलीस, मला खोटं ठरवलंस, आणि अजून एकदाही चुकलो म्हणाला नाहीस. मीही म्हणणार नाही. आता नीट वाच, हे कामाचं आहे.

एकदा झडपेवर जंतू बसले की पुन्हा बसू शकतात. दातांचं काहीही करायचं असेल, साधं साफ करणं असलं तरी, त्याच्या तासभर आधी तिला अँटिबायोटिक द्यावं लागेल. डॉक्टरांनी कागद दिला आहे, तो फ्रिजवर लाव. पोळपाटामागचा डबा आजच रिकामा कर, ती विरोध करील, तरी कर. आणि तिला पुन्हा ताप आला, थोडा जरी आला, तर ताप उतरवणाऱ्या गोळीखेरीज काहीही न देता डॉ. भाग्यलक्ष्मींना फोन करायचा आणि आधी रक्त काढायचं. रक्त काढायला माणूस घरी येतो. बाटल्या मी पाठवून ठेवते, कुठल्या घ्यायच्या त्यावर लिहिलेलं असेल. एक बाटली हॉस्पिटलला जाऊ दे.

दुसरी घेऊन तू खाली ये. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहीन. वर येणार नाही, तुझ्याशी बोलणारही नाही. बाटली दे आणि जा. आणि कोण तपासतंय, ते तिला सांगू नकोस.

हेमलता